दप्तरदिरंगाईची थोरवी

महाराष्ट्रात दप्तरदिरंगाईला कायद्याने बंदी आहे, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. आणि ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना तर मुळीच ठाऊक नसतं. २००५ सालच्या या कायद्याचं पूर्ण नाव एवढं लांब आहे की ते एका दमात वाचून दाखवणाऱ्याला बढती द्यायला हरकत नाही. कोणीही आपल्या टेबलावर फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये, असं त्यात म्हटलं आहे. त्याच २००५ साली देशात माहितीच्या अधिकाराचा कायदा आला आणि त्याच सालच्या नावाने महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही झाला. म्हणजे एक कायदा म्हणतो फाइल हलवा, दुसरा म्हणतो फाइल दाखवा आणि तिसरा म्हणतो फाइल जपा. तीन सासवांच्या हाताखाली नांदणाऱ्या सुनेने करावं तेच सरकारी कचेरीने केलं: तिघींनाही ‘हो’ म्हणून आपला स्वयंपाक पूर्वीसारखाच चालू ठेवला. यावर हसणं सोपं आहे. पण थोडं थांबून हिशेब केला तर अशी शंका येते की ज्या दिरंगाईला आपण गेली दोनशे वर्षं शिव्या घालतो, तिनेच आपला बराचसा इतिहास सांभाळला. आणि सरकारी कागद आता संगणकात शिरल्यावर तीच दिरंगाई तो बुडवणार आहे. दोष दिरंगाईचा नाही. ती होती तशीच आहे. बदललं आहे ते दप्तर.

पुण्याच्या पेशवे दफ्तराचंच बघा. तिथे रुमालात बांधलेले कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडी लिपीत. राज्य बुडालं, राजे गेले, कारकून गेले, कागद राहिले. का राहिले? कोणी त्यांची फार काळजी घेतली म्हणून नव्हे. इंग्रजांनी इनामं तपासण्यापुरते ते उलगडले आणि मग एतद्देशीय इतिहासकारांच्या हाती लागू नयेत म्हणून दार लावून घेतलं. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई आत शिरले आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. तोवर त्या रुमालांनी एकच काम केलं होतं: ते पडून राहिले होते. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढला, त्यामागेही हेच गुपित आहे. राजवाडे गावोगाव हिंडून ज्या वाड्यांतून कागद गोळा करत होते, त्या वाड्यांच्या माळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या झाडू फिरलेला नव्हता. एखादी कर्तव्यदक्ष सून एखाद्या दिवाळीला माळा साफ करायला चढली असती, तर मराठ्यांच्या इतिहासातली एक मोहीम कमी झाली असती. कागदाचा स्वभावच तसा आहे. त्याला कोरडी जागा द्या, डोक्यावर छप्पर द्या आणि विसरून जा. शंभर वर्षांनी गाठ सोडली की तो लगेच बोलायला लागतो. मध्यंतरी कोणी विचारपूस केली नाही म्हणून रुसत नाही. काहीही न करणं ही ज्या संस्थेची खरी ताकद, तिला याहून योग्य जोडीदार मिळणं शक्य नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, हे वाचलेल्या कागदांचं कौतुक झालं. वाळवीने खाल्लेले, पावसात भिजून लगदा झालेले आणि रद्दीवाल्याच्या तराजूत गेलेले कागद साक्ष द्यायला येत नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टोलवून चालणार नाही. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली, त्यात पाच माणसं गेली, आणि फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे जळाले. जळालेला कागद कितीही चांगल्या स्वभावाचा असला तरी परत येत नाही. पण कागदाच्या मरण्याची एक रीत आहे. तो हळूहळू मरतो आणि चारचौघांत मरतो. वाळवी लागलेली दिसते, बुरशीचा वास येतो, कडा झडायला लागतात, आणि निम्मं पान गेलं तरी उरलेलं निम्मं वाचता येतं. पहिल्या ओळीतलं नाव आणि तळाची तारीख एवढ्यावरसुद्धा इतिहासकार एक लेख लिहितात, आणि प्रतिस्पर्धी इतिहासकार दुसरा. संगणकातल्या फाइलला मात्र अर्धांगवायू होत नाही. ती एक तर उघडते, नाही तर उघडत नाही. उघडत नाही तेव्हा बाहेरून तिच्याकडे पाहून काहीच कळत नाही. नाव तेच, तारीख तीच, आकार तोच. मेली आहे हे समजायलाच कोणाला तरी ती उघडावी लागते, आणि सरकारी फाइल उघडण्याचा योग माणसाच्या आयुष्यात किती वेळा येतो हे सांगायला नको.

जुना कागद कधी, कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायला उठेल हे त्या कागदालाही माहीत नसतं. २०२३ सालच्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यापासून सुरुवात करून सबंध राज्यात मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या शोधात कोतवाल बुकं बाहेर आली, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या आल्या, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे आले. वर्षानुवर्षं ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्या मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी इतका भाव आला की मोडी शिकणं हा काही महिन्यांपुरता का होईना, उपजीविकेचा मार्ग ठरला. निजामकाळातल्या कागदांसाठी चौकशी हैदराबादपर्यंत गेली. मिळालेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या आणि लोक आपापल्या पणजोबांची नावं मोबाइलवर दोन बोटांनी मोठी करून बघू लागले. आरक्षणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, दप्तराच्या दृष्टीने ही घटना मोठी आहे. १८८० च्या सुमारास कुठल्याशा गावी ज्या कोतवालाने ती ओळ लिहिली, त्याच्या डोक्यात जन्म किंवा मृत्यू एवढाच विषय होता. सव्वाशे-दीडशे वर्षांनी या ओळीवर मोर्चे निघतील, उपोषणं होतील, सरकारची झोप उडेल, याची त्याला कल्पना असती तर त्याने निदान अक्षर जरा सुवाच्य काढलं असतं. आता प्रश्न असा की २००३ साली एखाद्या तालुका कचेरीत फ्लॉपीवर भरून ठेवलेली यादी २१४३ साली असंच एखादं उत्तर देईल का? २१४३ कशाला, आत्ताच ती फ्लॉपी घेऊन कोणत्याही कचेरीत जा आणि ती घालायला भोक शोधा.

संगणकातला अभिलेख टिकवणं हे विरजणासारखं आहे. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात पडलं पाहिजे, उद्याच्यातलं परवाच्या. आणि एक दिवस कोणी आळस केला की पणजीपासून चालत आलेलं विरजण संपलं. जुन्या यंत्रातून नव्या यंत्रात, जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात, दर पाच-सात वर्षांनी सगळं उचलून नेणं आणि नेताना काही सांडलं नाही ना हे तपासणं, याला पर्याय नाही. ब्रिटिशांनी या बाबतीत जगाला एक सुंदर धडा घालून दिला. विल्यम राजाने १०८६ साली इंग्लंडच्या जमिनीची आणि गुराढोरांची जी पाहणी करवली, तिची वही ‘डूम्सडे बुक’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवी पाहणी केली. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून जास्त लोकांनी तिला हातभार लावला, आणि ती त्या काळातल्या अगदी अद्ययावत लेझर डिस्कवर घातली. पंधरा-सोळा वर्षांतच ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि संशोधकांना ती सोडवून घ्यायला खास मोहीम काढावी लागली. दरम्यान मेंढ्यांच्या कातड्यावर लिहिलेली १०८६ ची वही आपली व्यवस्थित वाचता येत होती. जपानची गोष्ट याच्या उलट बाजूची. तिथे अर्ज फ्लॉपीवर द्या असं सांगणारे हजाराहून अधिक नियम सरकारी पुस्तकात होते. डिजिटल खात्याच्या मंत्र्यांनी २०२२ साली फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि २०२४ साली ते जिंकल्याचं जाहीर केलं. फ्लॉपी बनवणाऱ्या सोनीने त्याआधीच, २०११ साली, त्यांची विक्री थांबवली होती. शत्रूने रणांगण सोडल्यावर तेरा वर्षांनी जिंकलेली ही लढाई सरकारी कामाच्या वेगाचं मोजमाप म्हणून कुठल्याही संग्रहालयात ठेवावी.

आपल्याकडे यात मराठीची खास भर आहे, ती म्हणजे फाँट. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. पण सरकारी मराठी पुढे कितीतरी वर्षं निरनिराळ्या फाँटांच्या घरी भाड्याने राहिली. कोणी श्रीलिपीत, कोणी आकृतीत, कोणी शिवाजीत, कोणी सुरेखमध्ये. या जुन्या फाँटांची गंमत अशी की पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात मराठीचं एक अक्षरही नसतं; तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फाँट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फाँट गेला की मुखवटा उतरतो आणि ‘जिल्हाधिकारी’ या शब्दाच्या जागी डॉलर, कंस आणि स्वल्पविराम उभे राहतात. मोडीबद्दल आपण म्हणतो की ती वाचणारे उरले नाहीत. पण मोडी निदान शिकता येते, तिचे वर्ग चालतात. नव्वदच्या दशकातल्या एखाद्या विसरलेल्या फाँटमधला अहवाल वाचायचा असेल तर कुठल्या वर्गात नाव घालायचं? तीनशे वर्षांपूर्वीचं पत्र वाचणारा माणूस पुण्यात भेटतो आणि तीस वर्षांपूर्वीचं परिपत्रक वाचणारं यंत्र भेटत नाही, ही आपली डिजिटल प्रगती आहे.

मग यावर उपाय म्हणून स्कॅनिंग आलं. स्कॅनिंग वाईट नाही. आग लागलेल्या इमारतीला त्याचं महत्त्व कोणी वेगळं पटवून द्यायला नको. पण स्कॅनिंग लोकप्रिय का झालं याचं कारण जतन नव्हे. स्कॅनिंगचं टेंडर निघतं. पानामागे इतके पैसे असा दर ठरतो. किती लाख पानं झाली याचा आकडा दर महिन्याला वर कळवता येतो, आणि मुख्य म्हणजे फीत कापून त्याचं उद्घाटन करता येतं. सूची करण्याचं उद्घाटन कसं करणार? जुन्या फाइली नव्या स्वरूपात नेण्याच्या कामावर कोणाच्या नावाची कोनशिला बसवणार? पानामागे पैसे मिळणारा माणूस पान उलटतो; ते पान कशाचं आहे हे वाचायचे त्याला कोणी पैसे देत नाही. म्हणून लाखो चित्रं तयार होतात आणि त्यांची नावं ‘स्कॅन ००१’, ‘स्कॅन ००२’ अशी असतात. सरकारच्या स्वतःच्या कागदाचा प्रवास तर आणखी मजेदार आहे. आदेश संगणकावर टंकला जातो, म्हणजे जन्मतःच तो डिजिटल असतो. मग त्याचा कागद काढतात, त्यावर सही होते, शिक्का बसतो, आणि तो कागद स्कॅन करून पुन्हा संगणकात घालतात. अक्षर म्हणून आत असलेला मजकूर बाहेर जाऊन चित्र होऊन परत येतो. आता त्यात एक शब्द शोधता येत नाही, पण साहेबांच्या सहीची निळी शाई मात्र अगदी हुबेहूब दिसते.

शासन निर्णयांच्या बाबतीत महाराष्ट्राने त्यातल्या त्यात बरं केलं हे मान्य केलं पाहिजे. ते संकेतस्थळावर टाकले जातात, प्रत्येकाला अठरा अंकी संकेतांक असतो आणि अलीकडे डिजिटल स्वाक्षरीही असते. पण त्या अठरा अंकांनी शोधायला ते आधी माहीत हवेत, आणि माहीत असायला तो निर्णय हातात हवा. म्हणजे ज्याच्याकडे निर्णय आहे त्याला तो हमखास सापडतो. बाकीच्यांनी विषयाने शोधायचं. विषयाने शोधायचं म्हणजे मूळ टंकलेखकाच्या शुद्धलेखनाचा अंदाज बांधायचा. ‘निवृत्तिवेतन’ ऱ्हस्व लिहिलं असेल की ‘निवृत्तीवेतन’ दीर्घ? संगणक अक्षराला अक्षर लावून बघतो, त्याला दयामाया नाही. मराठीत चांगले गुण मिळवलेला निवृत्त शिक्षक व्याकरणाप्रमाणे शोधतो आणि रिकाम्या हाती परततो; त्याचा शुद्धलेखनात नापास झालेला विद्यार्थी पहिल्या फटक्यात निर्णय काढून देतो. आणि विषयाच्या रकान्यात ‘संकीर्ण’ असेल तर दोघांनीही घरी जावं.

इथे एखादा अधिकारी नाराजीने म्हणेल, सातबारा बघा की. बघितलाच पाहिजे. डिजिटल सही असलेला सातबारा घरबसल्या १५ रुपयांत मिळतो, आणि ज्याने त्यासाठी तलाठ्याच्या सज्जाबाहेर दिवस घालवले आहेत त्याला हा चमत्कारच वाटतो. जुन्या फेरफारांसाठी ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळाची सोय आहे, जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि गट नंबर भरला की पणजोबांची वाटणी चक्क ‘कार्ट’मध्ये ठेवता येते, साबण आणि शाम्पू ठेवतात तशी. पण सातबारा चांगला चालतो यातच खरी मेख आहे. तो चालतो कारण रोज लाखो लोक तो मागतात. त्यावर कर्ज उभं असतं, खटले उभे असतात, भाऊबंदकी उभी असते. तो दोन दिवस बंद पडला तर आरडाओरडा होतो. ज्याच्यासाठी आरडाओरडा होतो ते सरकार सांभाळतंच. अभिलेखागार हे मात्र ज्याच्यासाठी आज कोणीच ओरडत नाही त्याचं घर असतं. एखाद्या धरणाच्या पुनर्वसनाची १९९८ सालची टिपणी, एखाद्या साथीतला दैनिक तक्ता, एखाद्या कंपनीला जमीन देतानाची मतभिन्नता: ही वीस-तीस वर्षं कोणी मागत नाही आणि एके दिवशी त्यांच्यावाचून अडतं. चालू खात्याच्या यशावरून जुन्या दप्तराची तब्येत ठरवणं म्हणजे एसटी स्टँडवरची गर्दी बघून ग्रंथालयाची सभासदसंख्या सांगणं झालं.

दुसरा सल्ला हटकून येतो: मग महत्त्वाचं तेवढं छापून फायलीला लावा. हा सल्ला अमेरिकेच्या सरकारने कोर्टात दिला होता. रेगन यांच्या कारकिर्दीच्या अगदी अखेरीस, १९ जानेवारी १९८९ रोजी, व्हाइट हाउसमधले ई-मेल पुसून टाकण्याविरुद्ध दावा दाखल झाला. इराणला चोरून शस्त्रं विकण्याच्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणात तिथलेच एक अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपल्या पडद्यावरून शेकडो संदेश पुसले होते. त्यांच्या दुर्दैवाने आणि इतिहासाच्या सुदैवाने त्यांची प्रत टेपवर शिल्लक राहिली होती. सरकारचं म्हणणं होतं की हवे ते संदेश छापून ठेवता येतात, मग यंत्रातले पुसले तर बिघडलं कुठे? १९९३ साली अपील न्यायालयाने सांगितलं की छापील कागदावर कोणी, कोणाला, केव्हा पाठवलं हे सगळं येतंच असं नाही; म्हणून छापील प्रत म्हणजे मूळ अभिलेख नव्हे. आपल्याकडच्या कोणत्याही आवक-जावक कारकुनाला हे कोर्टाशिवाय समजलं असतं. पत्रात काय आहे यापेक्षा ते कोणाकडे कोणत्या तारखेला पोचलं यावरच कचेरीतल्या निम्म्या भानगडी ठरतात. पुढे त्याच देशात धाकट्या बुशसाहेबांच्या आठ वर्षांचे वीस कोटींहून जास्त ई-मेल राष्ट्रीय अभिलेखागाराच्या गळ्यात पडले. ते साठवायला यंत्र मिळतं. पण लोकांना दाखवण्याआधी त्यात कोणाचं खासगी काय आहे, देशाचं गुपित काय आहे, हे बघायला माणूस लागतो, आणि माणसाला दिवसाला वाचून वाचून किती वाचता येणार?

म्हणूनच ‘साठवण स्वस्त झाली आहे, सगळंच ठेवा’ हा तिसरा सल्ला सगळ्यांत फसवा. जुन्या कचेरीत कागदांना अ, ब, क, ड असे वर्ग होते. अ म्हणजे कायमचा, ब म्हणजे तीस वर्षांचा, आणि ड म्हणजे वर्षभरात निकाली काढायचा. सहा गठ्ठे बांधायची पद्धत होती, त्यात रेकॉर्ड रूमला पाठवायचा गठ्ठा वेगळा आणि नष्ट करायचा वेगळा. रेकॉर्ड कीपर नावाचा एक इसम असे. तो बढतीच्या यादीत शेवटी आणि कचेरीच्या नकाशात जिन्याखाली. पण कोणता रुमाल कोणत्या मांडणीत, कोणता अ आणि कोणता ड हे त्याच्या डोक्यात असे, आणि चहा पाजला तर ते बाहेरही येई. संगणक आला तेव्हा आपण कपाट बदललं, रुमाल बदलला, जिन्याखालची खोली वातानुकूलित केली आणि फक्त त्या इसमाची जागा भरायचं विसरलो. आता भूसंपादनाचा मूळ निवाडा आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीचा संदेश एकाच सर्व्हरवर, एकाच मानाने, अमर होऊन बसले आहेत. अमर आहेत म्हणजे आजच्यापुरते.

ई-मेलचं एवढं, तर व्हॉट्सअ‍ॅपचं काय सांगावं! आजचा खरा कारभार ग्रुपवर चालतो. आदेश ग्रुपवर येतो, ‘नोटेड सर’ म्हणून पोच दिली जाते, अहवालाचा फोटो पाठवला जातो, अंगठा वर येतो आणि विषय निकाली निघतो. साहेबांची बदली झाली की साहेब ग्रुप सोडतात आणि त्यांच्याबरोबर तीन वर्षांचा कारभार त्यांच्या खिशातून पुढच्या जिल्ह्यात जातो. यात आपणच मागासलेले आहोत असं वाटून घेऊ नये. ब्रिटनच्या कोविड चौकशीत तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे २०२० च्या पहिल्या सहामाहीतले हजारो संदेश सापडेनात, आणि तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी सांगितलं की आपण मध्यंतरी अनेकदा फोन बदलला, त्यामुळे संदेश राहिले नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्याच्या प्लेगचे कागद आजही वाचता येतात. परवाच्या महासाथीत लंडनच्या दहा नंबरात, म्हणजे पंतप्रधानांच्या कचेरीत, काय बोलणं झालं ते नव्या फोनच्या हौसेत गेलं.

यावर कायदा नाही असं नाही. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात संगणकाने तयार केलेल्या मजकुरालाही अभिलेख म्हटलेलं आहे. देशातल्या फारच थोड्या टेबलांवर संगणक होता तेव्हाची ही दूरदृष्टी. टोपी काढावी अशी. प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमायचा आहे आणि अभिलेखाची बेकायदा विल्हेवाट लावली तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. राज्याचा कायदाही याच धर्तीवरचा. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचं चौथं कलम तर नुसती माहिती द्या म्हणत नाही, सगळ्या अभिलेखांची सूची करा आणि ते संगणकावर आणा असं सांगतं; फक्त ‘वाजवी वेळेत आणि साधनसामग्री असेल त्याप्रमाणे’. २००५ पासून चालू असलेली ही वाजवी वेळ अजून संपायची आहे. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय अभिलेखागाराचे तत्कालीन महासंचालक चंदन सिन्हा यांनी जाहीरपणे सांगितलं की १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे, इतकंच काय हरितक्रांतीचेही अभिलेख आपल्याकडे आलेले नाहीत; १५१ मंत्रालयं आणि विभाग आहेत, त्यांतल्या ३६ जणांनीच कागद पाठवले आहेत. हे कागदाबद्दल झालं. कागद पाठवायला टेंपो लागतो, हमाल लागतात, हे कारण तरी सांगता येतं. पण जे खातं टेंपो पाठवत नाही ते संगणकातल्या फायली जुन्या सॉफ्टवेअरमधून सोडवून, तपासून, सूची करून वेळेवर पाठवेल असं समजणं हा भोळेपणा आहे; आणि कागद पाठवला नाही तरी तो निदान कुठल्यातरी कपाटात वाट बघत पडून राहतो. फाइल वाट बघत नाही.

खासगीपणाचा आक्षेप उरतो, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. जन्ममृत्यूच्या नोंदी, जाती, आजार, जमिनीचे वाद हे सगळं जगापुढे मांडायचं का? अर्थातच सरसकट नाही. पण काय मांडायचं आणि काय वीस वर्षं झाकायचं हे ठरवायला आत काय आहे हे आधी माहीत असावं लागतं. ज्याची सूचीच नाही त्यातलं खासगी कोणतं आणि सार्वजनिक कोणतं हे कोण सांगणार? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहितीच्या अधिकारातलं खासगी माहितीचं कलम आणखी कडक केलं. त्यामुळे आता न सापडलेल्या फाइलला ‘सापडत नाही’ म्हणण्याऐवजी ‘वैयक्तिक आहे’ म्हणण्याची सोय झाली आहे, आणि सापडत नाही म्हणण्यापेक्षा ते ऐकायला कितीतरी बरं वाटतं.

तेव्हा मागणी नव्या सर्व्हरची नाही, ॲपची तर नाहीच. दर जिल्ह्याला एक रेकॉर्ड कीपर हवा, संगणक कळणारा, पगारी, कायमचा, आणि जिन्याखाली न बसवलेला. तोवर वाचकांना करण्याजोगं एक काम आहे. माहितीच्या अधिकारात कधीतरी अर्ज कराल तेव्हा आपल्या प्रश्नाखाली दोन ओळी वाढवा: या कार्यालयाच्या अभिलेख अधिकाऱ्याचं नाव काय, आणि दहा वर्षांपूर्वीचे इलेक्ट्रॉनिक अभिलेख आज उघडतात का हे शेवटचं केव्हा तपासलं? उत्तराची मुदत तीस दिवस. फी अजून दहा रुपयेच आहे.